थर्माकोल किलोने मोजू नका

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व नगरपंचायती, नगरपरिषदा आणि महानगरपालिकांचे घनकचरा विभाग

विषय: थर्माकोल सुक्या कचऱ्यातून वेगळा काढून गावातच दाबण्याबाबत

महोदय, महोदया,

स.न.वि.वि.

मागणी आधी सांगतो, कारण सरकारी टेबलावर पत्राचा पहिला परिच्छेदच वाचला जातो हे मला ठाऊक आहे. थर्माकोल इतर सुक्या कचऱ्यात मिसळू देऊ नका, तो वेगळा घ्या, आणि डंपिंगला किंवा परगावी पाठवण्याआधी जिथे गोळा होतो तिथेच दाबून त्याचे ठोकळे करा. त्यासाठी एक मध्यम आकाराचं दाबयंत्र, एक पत्र्याची शेड आणि दोन माणसं लागतात. पुढचं सगळं लिहिणं हे का, एवढं सांगण्यासाठी आहे.

नोकरीची बहुतेक वर्षं मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका थर्माकोल कारखान्यात काढली. आधी मोल्डिंगवर, मग मेंटेनन्सला. आता रत्नागिरी जिल्ह्यात, बंदराच्या गावी राहतो. जो माल आम्ही शिफ्टमागून शिफ्ट गाडीत भरून पाठवला, तोच आता खाडीच्या कडेला तिवरांच्या मुळांत अडकलेला दिसतो. त्यामुळे या विषयावर मला दोन्ही टोकांकडून बोलता येतं. थर्माकोलवर बोलणारे बहुतेक जण एकाच टोकाला उभे असतात: एकाला तो राक्षस वाटतो, दुसऱ्याला त्याचा धंदा वाचवायचा असतो.

कारखान्यात थर्माकोल थर्माकोल म्हणून येतच नाही. येतात ते पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे कडक, चकचकीत मणी, अर्धा ते दीड मिलिमीटरचे. त्यांच्या पोटात चार ते सात टक्के पेंटेन नावाचं द्रव्य कोंडलेलं असतं. पेंटेन छत्तीस अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे चैत्रातल्या दुपारी तो उघडा ठेवला तर आपोआप उडून जाईल. मण्यांना वाफ दिली की प्लास्टिक मऊ पडतं, आतला पेंटेन बाहेर यायला धडपडतो आणि दाणे लाह्यांसारखे फुलतात. मूळ आकाराच्या चाळीस-पन्नास पट होतात. याला आम्ही ‘प्री-एक्सपान्शन’ म्हणायचो. फुललेले दाणे लगेच साच्यात टाकले तर माल चेपतो, म्हणून ते जाळीच्या मोठ्या पिशव्यांत, सायलोमध्ये, काही तास ते दिवसभर ठेवायचे. तेवढ्या वेळात बाहेरची हवा दाण्यांच्या पेशींत शिरते. मग साचा, पुन्हा वाफ, दाणे एकमेकांना चिकटतात, पाणी मारून साचा थंड करायचा, माल बाहेर. मोठे ब्लॉक असतील तर तापलेल्या तारेने त्यांचे तक्ते कापायचे. गणपतीची नक्षी कापणारे कारागीर जी तार वापरायचे, तीच आमच्याकडे छतापर्यंत उंच मशीनवर लावलेली असायची.

या सगळ्यातून निघतो तो पदार्थ घनमीटरला पंधरा ते तीस किलो. हेच पॉलिस्टायरीन न फुलवता ठेवलं तर घनमीटरला हजार किलोंच्या वर भरतं. म्हणजे घनमीटरला वीस किलो भरणाऱ्या ब्लॉकमध्ये प्लास्टिकने व्यापलेली जागा जेमतेम दोन टक्के. बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के हवा. आपल्या विभागाची सगळी अडचण या अठ्ठ्याण्णव टक्क्यांत आहे, आणि थर्माकोलचे सगळे गुणही तिथेच आहेत.

गुणांचं आधी बोलू, कारण ते कळल्याशिवाय माणसं तो का सोडत नाहीत हे कळणार नाही. कोंडलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे देते. आमच्या बंदरावरचं उदाहरण घ्या. साठ बाय चाळीस बाय तीस सेंटीमीटरची मासळीची पेटी, भिंत अडीच सेंटीमीटर जाड. बाहेर तीस अंश, आत बर्फ. हिशेब केला तर भिंतींतून आत शिरणारी उष्णता पंचेचाळीस वॉटच्या आसपास येते. रात्रभराच्या, दहा तासांच्या प्रवासात त्या उष्णतेने पाचेक किलो बर्फ वितळतो. तेवढ्याच जाडीच्या लाकडी पेटीत तिप्पट-चौपट बर्फ जाईल. पापलेट, सुरमई रत्नागिरीहून मुंबईला पोचेपर्यंत ताठ राहते ती या पेटीमुळे. पूर्वी बर्फावर लाकडाचा भुसा टाकून पाठवायचे, त्यात बर्फाचाच बोजा माशाच्या बोजाइतका व्हायचा. व्यापाऱ्याला पेटी टाकून द्या म्हणण्याआधी त्याच्या या हिशेबाला उत्तर हवं.

पाणी शोषत नाही, कारण पेशी बंद असतात. कुजत नाही, वास घेत नाही, वाळवी लागली तरी ती त्यात बिळं करते, खाऊन जगत नाही. वजनाच्या मानाने तो दणकट आहे हे मात्र बऱ्याच जणांना पटत नाही. वीस किलो घनतेचा तक्ता जमिनीवर सपाट ठेवला तर त्याची जाडी दहा टक्क्यांनी चेपायला चौरस मीटरवर दहा टनांच्या आसपास भार द्यावा लागतो. नॉर्वेत ओस्लोजवळ फ्लोम इथे 1972 साली खचणाऱ्या जमिनीवरच्या रस्त्याखाली मातीच्या भरावाऐवजी थर्माकोलचे ब्लॉक घातले, आणि तेव्हापासून जगभर दलदलीवरचे भराव असे होऊ लागले. मातीचा भराव स्वतःच्या वजनाने जमीन खचवतो, थर्माकोलला ते वजनच नाही.

हेल्मेटचंही सांगतो. हेल्मेटचं बाहेरचं कवच फक्त भार पसरवतं, डोकं वाचवतो तो आतला थर्माकोल. आदळल्यावर त्याच्या पेशी चिरडतात आणि त्या चिरडण्यात धक्का खर्ची पडतो. एकदा चिरडलेल्या पेशी पुन्हा फुगत नाहीत. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं असतं. हा परिच्छेद आपल्या विभागाचा नाही, तरी वाहतूक शाखेला पाठवता आला तर पाठवा.

आता दोष. पहिला म्हणजे उष्णता. ऐंशी अंशांपर्यंत ठीक, शंभरच्या जवळ जाताच तो बसायला लागतो. चहा कसाबसा चालतो, पण कढईतून काढलेली भजी थर्माकोलच्या डिशमध्ये टाकली की तळाला खड्डा पडलेला सगळ्यांनी पाहिला आहे. तो खड्डा पडताना वितळलेलं प्लास्टिक कुठे गेलं हे कोणी विचारत नाही. दुसरा, पेट्रोल, थिनर, ॲसिटोन त्याला विरघळवतात. संत्र्याची साल त्यावर पिळली तरी बारीक खळगे पडतात, कारण सालीच्या तेलातलं लिमोनीन पॉलिस्टायरीनचं चांगलं द्रावक आहे. जपानमध्ये सोनी कंपनीने याच लिमोनीनचा वापर करून पॅकिंगचा थर्माकोल विरघळवून परत मिळवण्याची पद्धत बसवली होती. नागपूरकरांनी खूश व्हायला हरकत नाही, पण द्रावक परत मिळवणारा प्लांट हे नगरपरिषदेच्या कुवतीचं काम नाही, हेही लगेच सांगतो. आणि विरघळणं म्हणजे नष्ट होणं असा जो समज मोबाइलवरच्या व्हिडिओंनी पसरवला आहे, तो साफ चुकीचा आहे. आतली हवा निघून जाते, प्लास्टिक तितकंच शिल्लक राहतं, फक्त आता ते पेट्रोलने भिजलेलं आणि पेटायला टपलेलं असतं. घराघरांत हे प्रयोग चालतात. आपल्या जनजागृतीच्या पत्रकात याबद्दल दोन ओळी असाव्यात.

तिसरा दोष सगळ्यात वाईट: तो तुटतो. दाणा दाण्यापासून सुटतो. कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज जमते, दाणे हाताला, झाडूला, गटाराच्या भिंतीला चिकटतात, वारा आला की उडतात. भरीव पॉलिस्टायरीन पाण्यात बुडतं, हवा भरलेलं कधीच बुडत नाही. म्हणून पावसाच्या पहिल्या सरीला गावभरचे दाणे नाल्यावाटे खाडीत आणि खाडीतून समुद्रात. उन्हात त्याचा पृष्ठभाग पिवळा पडून भुगा होतो, पण भुगा म्हणजेही तेच प्लास्टिक, बारीक झालेलं. दाणा एकदा सुटला की तो परत गोळा करणारं यंत्र माझ्या माहितीत नाही. जे करायचं ते तुटायच्या आधी.

आणि जाळायचा तर मुळीच नाही. घट्ट काळा धूर, काजळी, त्यात स्टायरीनची वाफ. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात घातलं. वर बऱ्याच बांधकामाच्या आणि काही पॅकिंगच्या थर्माकोलमध्ये आग रोखण्यासाठी एचबीसीडी नावाचं ब्रोमिनचं रसायन असायचं, ज्यावर 2013 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराने जागतिक बंदीची पावलं उचलली. जुना माल अजून भिंतींत आणि माळ्यांवर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला डिसेंबर 2016 मध्ये पाच हजारांचा आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड ठरवला. तरी थंडीत पहाटे कोपऱ्यावर कोण शेकोटी पेटवतं आणि त्यात काय टाकतं, हे आपल्या मुकादमांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी त्यांना दोष देत नाही. ज्या वस्तूचं काय करायचं हे वरून कोणी सांगितलंच नाही, तिचं माणूस खाली त्याला सुचेल ते करतो.

इथे मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे सुक्या कचऱ्याचं जे काही चांगलं होतं, ते पालिकेच्या आराखड्यांपेक्षा कचरावेचक बायांच्या आणि भंगारवाल्यांच्या जिवावर होतं. पुठ्ठा, बाटल्या, लोखंड, दुधाच्या पिशव्या त्या उचलतात, कारण संध्याकाळी भंगारवाला ते काट्यावर घालून पैसे देतो. थर्माकोल काट्यावर घातला तर काटा हलत नाही. मोठ्या टीव्हीच्या खोक्यातला सगळा थर्माकोल अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो, आणि तो उचलायचा तर बाईची पाटी त्यानेच भरते. दोन बाटल्यांचे पैसे जास्त मिळतील. ती तो सोडून देते, आणि तिचं बरोबर आहे.

आपल्या गाडीचंही तेच. तीन घनमीटरच्या घंटागाडीत ओला कचरा भरला तर टनभर सहज जातो. त्याच गाडीत सुटा थर्माकोल भरा, तुकड्यांमधल्या पोकळ्या धरून वीस-तीस किलो भरेल. डिझेल तेवढंच, चालक तोच, खेप एक. कंत्राटदाराला टनामागे पैसे मिळत असतील तर त्याने थर्माकोल का उचलावा? आणि पुनर्प्रक्रिया करणारा कारखाना शंभर किलोमीटरवर असेल तर गाडीभाड्यातच सगळं संपतं. थर्माकोलचं रीसायकलिंग होत नाही, असं जे सर्रास म्हणतात, ते रसायनशास्त्राच्या दृष्टीने खरं नाही. पॉलिस्टायरीन वितळवून पुन्हा वापरायला इतर प्लास्टिकपेक्षा अवघड नाही. आमच्या कारखान्यात मशीनवरची कातरण आणि फुटका माल दळून, ठरावीक प्रमाणात नव्या दाण्यात मिसळून, ब्लॉकमध्ये परत जायचा, बाहेर काहीच टाकलं जात नसे. फोटोफ्रेमच्या ज्या चकचकीत पट्ट्या बाजारात लाकडाच्या नावाखाली मिळतात, त्यांतल्या बऱ्याच वापरलेल्या थर्माकोलच्या असतात. अडतं ते वाहतुकीत. हवा वाहून नेण्यात.

म्हणून दाबा. दाबयंत्रात आधी दाते तुकडे करतात, मग मळसूत्र किंवा दट्ट्या ते रेटतो. बाहेर घनमीटरला अडीचशे ते चारशे किलोंचे ठोकळे पडतात. गरम करून दाबणारी यंत्रं त्याहून घट्ट लादी देतात. घनमीटरला पंधरा किलोंचे तीनशे किलो झाले म्हणजे वीस गाड्यांची एक गाडी झाली. अशा ठोकळ्याला काट्यावर वजन असतं, वजन असलं की भाव असतो, भाव असला की भंगारवाला स्वतः फोन करतो. त्याच्यापुढचं सगळं बाजार करून घेईल, त्यात आपण पडायची गरज नाही.

जपानमध्ये टोकियोच्या मोठ्या मासळी बाजारात रिकाम्या पेट्या बाजाराच्या आवारातच वितळवून त्यांच्या लाद्या पाडतात. पेट्यांचा डोंगर सकाळी साचतो, तिथेच विरतो. ससून डॉकला, मिरकरवाड्याला, हर्णैला, मालवणला हेच, वितळवून नाही तरी दाबून, का होऊ नये? पेट्या तिथेच, वीज तिथेच, पाणी तिथेच, आणि रोज ठरलेल्या वेळी. कचरा गोळा करण्याचा खर्चच नाही, कारण तो स्वतःहून एका जागी येऊन पडतो. अडचण एकच, आणि ती खरी आहे: मासळीची पेटी घाण असते. रक्त, खवले, चिकट पाणी. पुनर्प्रक्रियावाले ती नाकारतात. पण पेटी रिकामी झाल्याच्या तासाभरात खाऱ्या पाण्याच्या पाइपने धुतली तर काम होतं, दुसऱ्या दिवशी वाळलेला चिकटा खरवडावा लागतो. म्हणून धुणं आणि दाबणं एकाच शेडमध्ये, एकाच सकाळी. जिथे बोटी आणि व्यापारी एकाच बाजाराशी बांधलेले आहेत, तिथे दुहेरी भिंतीचे जाड प्लास्टिकचे पेटारे वापरणं त्याहून चांगलं. ते परत येतात, वर्षानुवर्षं टिकतात, आणि अनेक ट्रॉलरवर ते आधीच आहेत. पण परतीची गाडी ज्याची नाही, त्याला तो पर्याय नाही.

टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीनच्या पॅकिंगचा प्रश्न याच्या उलट आहे. तो थर्माकोल स्वच्छ, कोरडा, सगळ्यात भाव येणारा. पण एकेका घरात, पसरलेला. आता पाहा, दुकानाची गाडी टीव्ही घेऊन येते. दोन माणसं तो वर आणतात, खोकं उघडतात, थर्माकोल आणि पुठ्ठा दिवाणखान्यात टाकतात आणि रिकामी गाडी घेऊन परत जातात. त्या रिकाम्या गाडीत तो थर्माकोल का जात नाही? केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये प्लास्टिक पॅकेजिंगसाठी उत्पादकांच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वं लागू केली, ज्याला सगळे ईपीआर म्हणतात. उत्पादक, आयातदार आणि ब्रँडवाले यांनी आपल्या पॅकिंगची विल्हेवाट लावायची, असा त्याचा गाभा. हे कागद दिल्लीच्या पोर्टलवर फिरतात, पण गावातला इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार आपल्याच हद्दीत आहे. दिवाळीआधी दुकानदारांची बैठक घेऊन एवढंच सांगा: माल पोचवणारी गाडी थर्माकोल परत आणेल आणि शनिवारी तो आमच्या शेडवर पोचवेल. ज्याला ग्राहक हवा आहे तो हे करेल, कारण ग्राहकालाही तो थर्माकोल घरात नको असतो.

बंदीबद्दल दोन शब्द, कारण माझ्यासारखा कारखान्यातला माणूस लिहितो म्हटल्यावर मी बंदीच्या विरोधात असेन असं वाटेल. मी नाही. राज्याने 23 मार्च 2018 ला प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली, पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठेवली. त्याच वर्षी जुलैत सजावटवाले मुंबई उच्च न्यायालयात गेले, शिल्लक माल गणपतीत विकू द्या म्हणाले, न्यायालयाने ऐकलं नाही. पुढे 1 जुलै 2022 पासून केंद्रानेही ताट, पेले आणि सजावटीचा थर्माकोल देशभर बंद केला. पत्रावळीऐवजी आलेलं थर्माकोलचं ताट दहा मिनिटं वापरून आमटीने भिजवून फेकायचं, ही कल्पनाच चुकीची होती. उष्टं लागलेलं ताट कोणी धुऊन परत घेणार नाही. गणपतीच्या मखराचंही तसंच, तळकोकणात तेरडा, कवंडळं, सुपारीच्या घडांनी माटवी सजवणाऱ्या लोकांना पांढऱ्या कमानींची गरज कधीच नव्हती. कापून नक्षी काढणाऱ्या कारागिरांचं पोट मात्र एका हंगामात गेलं, आणि त्यांना पुठ्ठ्याकडे, कापडाकडे वळायला मदत करण्यात आपण सगळे कमी पडलो, हेही लिहून ठेवतो.

पण बंदीने एक गोष्ट अर्धवट सोडली. 2018 च्या आधीची मखरं गेली कुठे? ती पोटमाळ्यावर आहेत. मंडळांच्या गोदामात आहेत. हौसेने हजारो रुपये खर्चून केलेली, रंगवलेली, टिकल्या लावलेली. बाहेर काढून मांडली तर दंड, घंटागाडीत दिली तर गाडीवाला घेत नाही, मग एखाद्या अमावास्येच्या रात्री ती पुलावरून खाली जातात. दंडाच्या भीतीने लोक थर्माकोल वापरायचे थांबले हे चांगलं झालं, पण त्याच भीतीने ते थर्माकोल परत द्यायचेही थांबले. याला उपाय साधा आहे. गणपतीच्या महिनाभर आधी एक रविवार जाहीर करा. ज्याच्याकडे जुनं मखर, ताटांची उरलेली बंडलं, दुकानातला पडून असलेला साठा असेल त्याने आणून द्यावा, नाव विचारलं जाणार नाही, पावती फाडली जाणार नाही. हे लेखी, आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने, वर्तमानपत्रात आणि गाडीच्या भोंग्यावर. नुसत्या तोंडी आश्वासनावर कोणी दंडाची वस्तू पालिकेच्या दारात आणणार नाही. रंग आणि चमकी लागलेल्या थर्माकोलला कमी भाव येईल, पण खाडीपेक्षा बरा.

वर्गीकरण करणाऱ्या माणसांना एवढं शिकवा, बाकी ते करतील. हाताने वाकवून मोडलं की कटकन तुटतो आणि तुटलेल्या जागी गोल दाणे दिसतात तो मण्यांचा थर्माकोल, हाच हवा. ताट आणि मटणाच्या ट्रेचा पातळ पत्रा तेच प्लास्टिक, पण दाणे नसलेला, तो उष्टा असेल तर घेऊ नका. सफरचंदावरची ताणणारी जाळी आणि नव्या फर्निचरला गुंडाळून येणारा लवचीक पांढरा फोम थर्माकोल नव्हे, ते पॉलिथिलीन. वाकवलं तर मोडत नाही, ते वेगळं ठेवा, कारण ठोकळ्यात मिसळलं की खरेदीदार पूर्ण ठोकळा परत करतो. सोफ्यातला स्पंज तिसराच पदार्थ. बीन बॅग फाटून आली तर तोंड बांधून घ्या, आत नुसते सुटे दाणे असतात आणि एकदा सांडले की संपलं. चिकटपट्टी, लेबल आणि कोपऱ्याचे पुठ्ठे काढूनच दाबायचं.

अळ्यांचाही प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला जातो, म्हणून सांगून टाकतो. थर्माकोल खाणाऱ्या अळ्या आहेत हे खरं आहे. चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की शंभर मीलवर्म दिवसाला 34 ते 39 मिलिग्रॅम थर्माकोल खातात आणि त्यातला काही भाग पचवतात. शास्त्र म्हणून मोठी गोष्ट आहे. पण या वेगाने एक किलो संपवायला त्या शंभर अळ्यांना पंचाहत्तर वर्षं लागतील. अळ्यांचा प्रस्ताव घेऊन कोणी आलं तर हा भागाकार त्यांच्यासमोर करा. थर्माकोलचे तुकडे काँक्रीटमध्ये भरून हलक्या विटा करण्याचे प्रस्तावही येतील. ते काम होऊ शकतं, पण मापाने आणि तपासणीने, गावातल्या कचऱ्याची सोय म्हणून भिंतींत काहीही कोंबायचं नाही. इमारत पाडताना तोच थर्माकोल दगड-विटांत मिसळून परत आपल्याकडे येईल, आणि तेव्हा तो वेगळा काढणं अशक्य असेल.

यंत्र घेण्याच्या निविदेबद्दल शेवटचं, कारण इथे चूक झाली तर यंत्र गंजत पडतं आणि पुढची दहा वर्षं कोणी विषय काढत नाही. विक्रेता तासाला किती किलो, असा आकडा सांगेल. त्याला तासाला किती घनमीटर सुटा माल गिळतो ते विचारा, आणि ते आपल्याच कचऱ्यावर, आपल्याच आवारात, आपल्याच विजेच्या दाबावर करून दाखवायला सांगा. आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज पडतं आणि मोटर तिथेच मान टाकते. बंदराजवळ असाल तर गरम करून वितळवणारं यंत्र घेऊ नका, माशाचा चिकटा तापला की त्या वासाने आठवड्यात शेड बंद करायची मागणी येईल, थंड दाबाचं घ्या. लहान नगरपंचायतींनी एकेकट्याने घेऊ नये. तालुक्यात एक यंत्र ट्रॉलीवर बसवून ठरावीक वारी फिरवलं तर पुरतं, तोवर जाळीच्या मोठ्या पिशव्यांत कोरड्या जागी साठवायचं. शेडला सर्व बाजूंनी बारीक जाळी लावा आणि जवळ कोणी वेल्डिंग करणार नाही याची खात्री करा. कंत्राट देताना मोबदला ठोकळ्यांच्या वजनावर नव्हे, उचललेल्या सुट्या मालाच्या पिशव्यांवर ठरवा, नाहीतर कंत्राटदारसुद्धा कचरावेचक बाईने केला तोच हिशेब करेल.

अंदाजपत्रकाची बैठक मार्चआधी होते, निविदेला दोन-तीन महिने जातात, यंत्र बसून चालू व्हायला पावसाळा लागतो. या बैठकीत तरतूद झाली तर गणपतीआधीच्या रविवारी शेड उघडी असेल. यंत्र पाहायला आपला इंजिनीअर जाणार असेल तर सोबत यायला मी तयार आहे, गाडीभाडं माझं मी देईन.

कळावे,

आपला,
एक निवृत्त मोल्डिंग फिटर
रत्नागिरी जिल्हा